व्यायामशिक्षकाची फी आणि तिचा हिशेब

गुहागरचा किनारा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे, की भरती ओसरली म्हणजे तिथली वाळू कशी दाबून बसवल्यासारखी होते. पळायला, सूर्यनमस्कार घालायला त्याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही. समजा, मुंबईत चार वर्षे व्यायामशाळेत काम केलेला एक तरुण गावी परत आला आणि पहाटे या वाळूवर पाचसात जणांना शिकवू लागला. शहरात अशा माणसाला ‘पर्सनल ट्रेनर’ म्हणतात. आपण त्याला व्यायामशिक्षक म्हणू. तो काय शिकवतो हा आजचा विषय नव्हे. त्याची फी कशी ठरावी, कशी मागावी आणि कशी लिहून ठेवावी, एवढेच आज पाहायचे आहे.

हा प्रश्न पूर्वी नव्हता. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी बाळंभटदादा देवधर होते; मल्लखांबाची विद्या त्यांच्याकडून पुढे चालत आली. कोल्हापुरास शाहू महाराजांनी मल्ल पोसले आणि १९१२ साली खासबागेचे मैदान बांधून घेतले. पुढे अमरावतीस १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आणि दादरला १९२५ साली समर्थ व्यायाम मंदिर निघाले. म्हणजे वस्तादाच्या मागे कोठे राजा होता, तर कोठे संस्था. आमच्या तरुणाच्या मागे कोणी नाही. पण ‘विद्या विकायची नसते’ हा जुना संस्कार मात्र त्याच्या मनात पक्का आहे. त्यामुळे तो दंड शंभर मारील, पण दोनशे रुपये मागताना त्याची जीभ अडखळते.

आता या भिडेचा परिणाम पाहा. खालच्या पाटातले एक गृहस्थ दोन महिने येतात. पहिल्या महिन्याचे पैसे द्यायचे राहतात, दुसऱ्याचेही राहतात. शिक्षक काही बोलत नाही. मग होते काय, तर ते गृहस्थच यायचे बंद होतात! रस्त्याने जाताना शिक्षक दिसला तर पलीकडे बघतात. रक्तदाब उतरू लागला होता तो पुन्हा चढतो. म्हणजे न मागितल्याने पैसा तर गेलाच, वर माणूसही गेला आणि त्याची तब्येतही गेली. लोक समजतात, पैसे मागितल्याने संबंध तुटतात. माझा अनुभव असा, की थकबाकीची लाजच जास्त माणसे तोडते.

तेव्हा पहिली गोष्ट, फी महिन्यावर न ठरवता तासांवर ठरवावी. आमच्याकडे महिना कधी सरळ जातो का? गणपतीत आठ दिवस कोणी घराबाहेर पडत नाही, शिमग्यात पालखी दारात येते, आंब्याच्या दिवसांत बागायतदाराला श्वास घ्यायला फुरसत नाही. मग ‘महिना भरला की नाही’ यावर वाद होतो. त्यापेक्षा बारा तासांचा एक गट धरावा, आठवड्याला तीन प्रमाणे. तासाला दोनशे रुपये धरले तर गटाचे दोन हजार चारशे. पैसे पहिल्या तासाला आगाऊ घ्यावेत, आणि गट सहा आठवड्यांत पुरा करावा, म्हणजे मध्ये सण आला तरी जागा राहते.

चुकलेल्या तासाचा नियम आधीच सांगावा. आदल्या संध्याकाळपर्यंत निरोप आला तर तास पुढे जाईल. निरोप नाही तर तास भरला. पाऊस कोसळला किंवा शिक्षकच आजारी पडला, तर तो तास शिक्षकाच्या अंगावर, शिकणाऱ्याच्या नव्हे. हे सारे अर्ध्या कागदावर लिहून दोघांनी सही करावी. ‘गावातल्या गावात कागद कशाला?’ असे कोणी म्हणेल. अहो, गावातल्या गावातच कागद हवा. परक्याशी वाद झाला तर तो निघून जातो. गाववाल्याचे तोंड तर रोज बघायचे असते.

वहीचे काम सोपे आहे. एक रोजकीर्द ठेवावी. आज कोण आले, कोणाचे किती जमा झाले, पेट्रोल-दोरी यांत किती गेले, हे त्याच दिवशी लिहावे. दुसरी खतावणी. तीत प्रत्येक माणसाला एक पान. एका बाजूस भरलेले पैसे, दुसऱ्या बाजूस झालेले तास. शिक्षक मंडळींनी वर्गात जमाखर्च शिकवताना हेच उदाहरण घ्यावे, मुलांना ते दुकानदाराच्या गणितापेक्षा गंमतीचे वाटेल.

खतावणीचे पान असले की मागण्याची भीडही निम्मी होते. ‘काका, पैसे राहिलेत’ असे म्हणायलाच नको. ‘काका, आज तुमचा अकरावा तास झाला. पुढचा गट सोमवारपासून धरू ना?’ एवढे म्हटले की काका समजतात.

बिल आणि पावती यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. बिल म्हणजे मागणी, पावती म्हणजे पोच. पैसे हाती येण्याआधी पावती फाडू नये, आणि आल्यावर ती द्यायला विसरू नये. पावतीवर क्रमांक, तारीख, नाव, कोणत्या गटाचे पैसे, रक्कम अंकी व अक्षरी, आणि रोख की फोनवरून, एवढे असावे. पाच हजारांहून अधिक रोख रकमेच्या पावतीला एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावावे. जीएसटीची नोंदणी सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेल्यावर लागते. आमचा तरुण त्यापासून फार दूर आहे. आणि ज्याची नोंदणी नाही त्याने बिलात त्या कराच्या नावाने एक पैसाही लावता कामा नये.

आता फोनच्या पैशांविषयी. २०१६ साली यूपीआय सुरू झाले आणि सुट्ट्यांची कटकट गेली, पण नवी कटकट आली. वडील व्यायामाला येतात गुहागरात आणि पैसे पाठवतो मुलगा मुंबईहून. बँकेच्या यादीत नाव मुलाचे. महिन्याने बघावे तर हे पैसे कोणाचे ते आठवत नाही! म्हणून पैसे आले त्याच दिवशी बारा अंकी संदर्भ क्रमांक वडिलांच्या पानावर लिहावा. दर शनिवारी वही आणि बँकेची यादी शेजारी ठेवून ताडून पाहावी. कोणी ‘पाठवले’ म्हणून फोनवरचे चित्र दाखवले, तर ते पाहून पावती देऊ नये. आपल्या खात्यात जमा दिसले पाहिजेत. आणि एक ध्यानात ठेवा: पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ असे कोणी म्हणाला तर तो ठग समजावा.

उधारी मुळीच द्यायची नाही का? तसे मी म्हणणार नाही. मासेमारी जून-जुलैत बंद असते, सुपारीचे पैसे विक्री झाल्यावरच येतात. कोणी म्हणाले ‘नारळीपौर्णिमेनंतर देतो’, तर द्यावी सवलत, पण पानावर तारीख घालून. एखाद्या गरीब होतकरू मुलाला फुकट शिकवायचे असेल तर खुशाल शिकवावे. त्याच्या पानावर ‘माफ’ असे लिहावे. माफ केलेले आणि बुडालेले यांत फार अंतर आहे. आपले आठ जण धरले तर आठ गटांचे एकोणीस हजार दोनशे होतात. त्यांत दोघांनी थकवले की चार हजार आठशे गेले, म्हणजे चौथा हिस्सा. पावसाळ्यात वाळूवर जाता येत नाही, पडवीत किंवा सभामंडपात तिघेचौघेच येतात. त्या महिन्यांची तजवीज याच पैशातून करायची असते.

राहता राहिली परतफेड. समजा, वरच्या पाटातल्या मावशींनी बारा तासांचे पैसे भरले आणि पाच तासांनंतर पाय मुरगळला. डॉक्टरांनी दोन महिने व्यायाम बंद सांगितला. सात तास उरले, चौदाशे रुपये झाले. ते दुसऱ्या दिवशी घरी नेऊन द्यावेत आणि मावशींची सही खतावणीच्या पानावर घ्यावी. ‘राहू दे रे, बरी झाले की येईनच,’ असे त्या म्हणाल्या, तर तेही तारखेसह त्याच पानावर लिहावे: सात तास शिल्लक.