मूल गप्प आहे, म्हणून दुखत नाही असे समजू नका

‘‘आज अगदी शहाण्यासारखा पडून आहे हो डॉक्टर, रडला नाही की काही मागितलं नाही,’’ सात वर्षांच्या मुलाच्या आईने मला सांगितले. रक्ताच्या कर्करोगाचा पोरगा, भिंतीकडे तोंड करून निजलेला. मलाही बरे वाटले. संध्याकाळी वडील चादर बदलू लागले, तेव्हा तो जो किंचाळला, तो आवाज आजही माझ्या कानात आहे. हालले की हाडे दुखत, म्हणून तो हालत नव्हता. मी दोन वेळा त्याला पाहून गेलो, पण विचारले एकदाही नाही.

मोठी माणसे कण्हतात, तक्रार करतात. लहान मूल खेळणे बाजूला सारते, कुशीत यायला नको म्हणते, पाय पोटाशी घेऊन पडते. त्याला ‘किती दुखतंय?’ याचे उत्तर सांगता येत नाही. पण हसऱ्यापासून कळवळलेल्यापर्यंत सहा चेहरे वहीच्या पानावर काढून दिले, तर चारपाच वर्षांचे मूल नेमक्या चेहऱ्यावर बोट ठेवते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2012 साली मुलांच्या वेदनांसाठी दोनच पायऱ्या सांगितल्या. थोड्या दुखण्याला पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन, जास्त दुखण्याला मॉर्फिन. मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांनीच ठरवायची. सतत दुखत असेल तर औषध घड्याळाच्या काट्यावर द्यावे. कळ उठण्याची वाट पाहू नये. कर्करोगाच्या मुलाला रक्तस्रावाचा धोका असतो, म्हणून आयब्युप्रोफेन विचारल्याशिवाय देऊ नका आणि ॲस्पिरिन मुळीच नको. केमोथेरपी चालू असताना पॅरासिटामॉल देण्याआधी ताप मोजा. 100.4 अंशांवर गेला तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा.

मॉर्फिनचे नाव काढले की घरात रडारड होते. ‘‘पोराला त्याचं व्यसन लागेल,’’ म्हणतात. कोणी म्हणते, ‘‘म्हणजे आता संपलंच.’’ दोन्ही खरे नाही. दुखण्यापुरते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनमुळे व्यसन लागण्याचा धोका फार कमी असतो. बद्धकोष्ठता मात्र बहुधा होतेच, त्यासाठी पहिल्या दिवसापासून सारक औषध लागते. पहिले दोनतीन दिवस गुंगी राहते. आपल्या मनाने ते एकदम बंद करू नये. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे हे औषध मिळणे फार जिकिरीचे झाले होते. 2014 च्या दुरुस्तीने वाट बरीच सोपी केली. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मुंबईच्या टाटा रुग्णालयात तर वेदना व इतर त्रासांच्या शमनासाठी स्वतंत्र विभागच आहे. मूळ आजारावरचे उपचार चालू असतानाही तिथे जाता येते.

घरी करण्यासारखेही पुष्कळ आहे. तोंड आले असेल तर मऊ ब्रश, मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा आणि थंड, मऊ खाणे. दम लागत असेल तर उशा लावून बसते करा आणि टेबलफॅनचा वारा चेहऱ्यावर येऊ द्या. दोन चमचे पेज गेली तरी पुरे, घास कोंबू नका.

मनाचे दुखणे याहून अवघड. ‘‘मी चिंचा चोरल्या म्हणून मला हे झालं का?’’ असे मला एका मुलीने विचारले होते. अशा वेळी ‘‘नाही बाळा, तुझी काही चूक नाही,’’ हे स्पष्ट शब्दांत सांगावे लागते. सुई टोचायची असेल तर ‘‘काही नाही करणार हं,’’ म्हणू नका. दुखेल थोडेसे, कोणत्या हाताला टोचू, असे विचारा. आणि रात्री दिवा मालवल्यावर मूल आजीला हळूच विचारते, ‘‘मी मरणार का गं?’’ तेव्हा ‘‘असं अभद्र बोलू नये,’’ म्हणून त्याचे तोंड बंद करू नका. ‘‘तुला असं का वाटलं रे?’’ एवढेच विचारा व ऐका. पुष्कळदा त्याला आई जवळ असेल ना, इतकेच जाणून घ्यायचे असते. मामाकडे धाडलेल्या भावंडांनाही अधूनमधून घरी आणा. त्यांना कोणी काहीच सांगितलेले नसते.

त्या मुलाला मॉर्फिन सुरू केले. तिसऱ्या दिवशी गेलो तर तो भिंतीला पाठ टेकून बसला होता, ताईशी सापशिडी खेळत होता. पुढे चार महिने तो आमच्यात होता. त्या दिवशी ताईची सोंगटी सापाच्या तोंडी गेली, तेव्हा तो हसला.