पॅनडॉक घरात आहे, तरी सापडत नाही

आजचा विषय एका ताईंच्या फोनमुळे सुचला. त्या इथे न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत शिकवतात. वर्षभराचे धडे त्यांनी आपल्या लिनक्स लॅपटॉपवर एका नोंदवहीच्या ॲपमध्ये लिहून ठेवले होते. शुक्रवारी पुस्तिका छपाईला द्यायची आणि बुधवारी रात्री एक्सपोर्टचं बटण दाबलं, तर निरोप आला: पॅनडॉक सापडला नाही. टर्मिनल उघडून तोच पॅनडॉक चालवला, तर बिनतक्रार चालला. "दोनदा काढून पुन्हा घातला हो, काही फरक नाही," ताई म्हणाल्या.

फरक पडणारही नव्हता. पॅनडॉक हा एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलून देणारा मोफत प्रोग्रॅम. बर्कलीला तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या जॉन मॅकफार्लेन यांनी तो लिहिला, २००६ सालापासून तो चालत आला आहे. एक्सपोर्टचं प्लगइन स्वतः फाइल बदलत नाही, ते फक्त पॅनडॉकला हाक मारतं. गडबड त्या हाकेत होती.

ताईंचं ॲप फ्लॅटपॅकमधून आलेलं. फ्लॅटपॅकची ॲप्स सँडबॉक्समध्ये, म्हणजे कुंपणाच्या आत चालतात. गावाकडचं घर आठवा. पाहुण्याला ओसरीवर बसवलं, पाण्याचा तांब्या तिथेच दिला आणि माजघराचं दार लोटून घेतलं. आता त्याला विचारा, घरात जातं आहे का? तो म्हणणार, मला तरी दिसत नाही. खोटं नाही बोलत तो. कुंपणातल्या ॲपला लॅपटॉपचं ‘यूएसआर’ फोल्डर दिसतच नाही. त्या जागी त्याला फ्लॅटपॅकने पुरवलेलं वेगळं ‘यूएसआर’ दिसतं, आणि ताईंच्या ॲपला मिळालेल्या त्या फोल्डरात पॅनडॉक नव्हता. प्लगइन ॲपच्याच पोटात चालतं, त्यामुळे तेही ओसरीवरच. गिटला हाक मारणारी प्लगइन्सही याच कारणाने अडतात.

म्हणून तपासायचं ते ओसरीवर उभं राहून. आपल्या नेहमीच्या टर्मिनलमध्ये प्रोग्रॅम चालला, यावरून काहीच कळत नाही. फ्लॅटपॅकला ‘रन’ सांगताना ॲपऐवजी त्याच्या कुंपणात साधं शेल उघडता येतं: दोन डॅश, कमांड, बरोबरचं चिन्ह, एसएच, आणि पुढे ॲपचं पूर्ण नाव. तिथे पॅनडॉक टाइप करा. तिथेही सापडला नाही, तर निदान झालं.

उपाय तीन आहेत. माझ्या मते पहिला करून पाहिल्याशिवाय बाकीच्यांकडे जाऊ नये.

पॅनडॉकच्या अधिकृत पानावर लिनक्ससाठी एक झिपसारखी बांधलेली फाइल मिळते. तिच्यातला प्रोग्रॅम बाहेरच्या कुठल्याही लायब्ररीवर अवलंबून नसतो. तो आपल्या होम फोल्डरमध्ये, ॲपला आधीच दिसणाऱ्या जागी ठेवायचा आणि प्लगइनच्या सेटिंगमध्ये त्याचा पत्ता सुरुवातीच्या स्लॅशपासून पूर्ण लिहायचा. म्हणजे जातं ओसरीवर आणून दिलं, माजघर बंदच राहिलं.

दुसरा उपाय ‘फ्लॅटपॅक-स्पॉन’चा. याने कुंपणातून हाक मारून कमांड बाहेर, खुद्द लॅपटॉपवर चालवता येते. त्यासाठी ॲपला एक परवानगी द्यावी लागते, ती फ्लॅटसील नावाच्या छोट्या ॲपमधून देता येते. सल्ला देणारे पुष्कळ जण थेट इथेच येतात. पण ही परवानगी मिळालेलं ॲप तुमच्या नावाने बाहेर कोणतीही कमांड चालवू शकतं, आणि त्यातलं प्रत्येक प्लगइनसुद्धा. घरातल्या मुलाने काल कुठूनतरी उतरवलेलं प्लगइन यात आलंच. तिसरा उपाय म्हणजे तेच ॲप सँडबॉक्सशिवायच्या पॅकेजमधून बसवणं. तिथे कुंपणच नाही, हे समजून करा.

मॅकवाल्यांनी जरा थांबावं. तुमच्याकडेही हाच निरोप येतो, पण पुष्कळदा दोष सँडबॉक्सचा नसतो. डॉकमधून उघडलेल्या ॲपला टर्मिनलमधली शोधायच्या फोल्डरांची यादी मिळत नाही. होमब्रूने बसवलेला प्रोग्रॅम नव्या मॅकवर ‘ऑप्ट’मधल्या ‘होमब्रू’च्या ‘बिन’मध्ये असतो, तिकडे ॲप बघतच नाही. पूर्ण पत्ता लिहून काम झालं, तर दोष यादीचा होता. तरीही अडलं, तर मग कुंपणाचा संशय घ्या.

ताईंचा पॅनडॉक पहिल्या उपायाने चालू झाला. पण पीडीएफ मागितली तर पुन्हा अडला, कारण पीडीएफसाठी तो पुढे लेटेकला हाक मारतो आणि लेटेकही माजघरातच. शिवाय काही वेगळं सांगितलं नाही तर तो ज्या पीडीएफलेटेककडे जातो, त्याला आपली देवनागरी झेपत नाही. झीलेटेक वापर आणि अमुक देवनागरी फॉन्ट घे, असं सांगावं लागतं. रात्रीचे साडेअकरा वाजलेले. आम्ही ते सगळं सोडलं, वर्डची फाइल काढली आणि लिबरऑफिसमध्ये उघडून तिथून पीडीएफ केली.

पुस्तिका शुक्रवारी छपाईला गेली. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ कुठे फुटले नाहीत ना, हे मी पान न् पान उलटून पाहिलं. एका धड्यात ‘दिवाळी’ची पहिली वेलांटी दीर्घ पडली होती, पण ती ताईंचीच.