माझ्यापेक्षा बेटर!

आमच्या बाबांनी माझ्यासमोर इंग्रजी बोलणं बंद केलं, त्याला आता सात वर्षं होतील. कारण एक शब्द. तोही दोन अक्षरी. आणि तो बोलणारी मीच!

प्रसंग तसा साधाच. माझी पहिली नोकरी, पहिला पगार. बाबा मिरजेहून पुण्याला आले होते. ऑफिसातल्या तिघाचौघांना सोबत घेऊन मी त्यांना जेवायला नेलं. आमची टीम लीडर दिल्लीची, तिला मराठीचा गंध नाही. म्हणून बाबा तिच्याशी इंग्रजीतून मस्त गप्पा मारत होते. जिल्हा परिषदेची शाळा, पाचवीपासून इंग्रजी, पुढे तर्खडकरांची पाठमाला घोकून आणि बँकेत तीस वर्षं पत्रं लिहून कमावलेली भाषा. बोलता बोलता माझ्याकडे बोट करून ते कौतुकानं म्हणाले, "शी स्पीक्स बेटर इंग्लिश दॅन मी."

आणि मास कॉमची डिग्री ताजी ताजी खिशात असलेली मी पटकन बोलले, "दॅन आय, बाबा. दॅन आय!"

सगळे हसले. बाबाही हसले. पण त्यानंतर आइस्क्रीम येईपर्यंत ते फक्त 'यस' आणि 'नो, थँक यू' एवढंच बोलले. पुढे माझे कुणीही अमराठी मित्र घरी आले, की बाबा त्यांना पाणी द्यायचे आणि पेपर घेऊन आतल्या खोलीत जायचे. आईला वाटायचं, वय झालं. मला कारण माहीत होतं.

आता हे सगळं आठवायचं कारण. गेल्या महिन्यात मला एका कंपनीसाठी ई-मेल कसे लिहावेत याची छोटी पुस्तिका करायचं काम मिळालं. (फ्रीलान्सर आहे बॉस, सगळं करावं लागतं.) त्यात तुलनेच्या वाक्यांवर दोन पानं हवी होती. म्हटलं, हा तर आपला हातखंडा विषय! एकदा खात्री करावी म्हणून व्याकरणाची जाडजूड पुस्तकं उघडली आणि गार पडले. बाबा बरोबर होते.

झालंय असं, की 'दॅन'नंतर 'आय'च हवं, हा हट्ट मुख्यतः अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांचा. त्यातलं ठळक नाव रॉबर्ट लोथ. हे गृहस्थ पुढे लंडनचे बिशप झाले. त्यांचं इंग्रजी व्याकरण आलं 1762 साली. त्यांचं म्हणणं, 'दॅन'च्या पुढे एक क्रियापद लपलेलं असतं, ते मनात पूर्ण करा आणि मग सर्वनाम ठरवा. 'दॅन आय स्पीक', म्हणून 'दॅन आय'. तर्क चोख. फक्त माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून तसं बोलत नव्हती. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये, नीतिसूत्रांच्या भागात, 'दॅन'च्या पुढे 'दे' नाही, चक्क 'देम' आहे. आणि 2002 साली आलेल्या केंब्रिजच्या भल्यामोठ्या इंग्रजी व्याकरणात तर 'दॅन'ला थेट शब्दयोगी अव्ययाच्या पंगतीत बसवलंय. 'फॉर मी', 'विथ मी', तसंच 'दॅन मी'. रोजच्या बोलण्यात 'दॅन मी'च स्वाभाविक. 'दॅन आय' चुकीचं नाही, पण ते कोट-टाय घालून आलेलं असतं.

गंमत म्हणजे आपली मराठीही बाबांच्याच बाजूची. आपण 'माझ्यापेक्षा' म्हणतो. 'मीपेक्षा' कुणी म्हणतं का? पेक्षा लागला की 'मी'चं रूप बदलतं. मराठीत विचार करून इंग्रजी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडात 'दॅन मी' येणं हे अगदी रीतीला धरून आहे. (देवनागरीत 'दॅन मी' लिहिलं की मात्र घोळ होतो. आपला 'मी' म्हणजे त्यांचा 'आय', आणि त्यांचा 'मी' म्हणजे आपला 'मला'. लोथसाहेबांना हे दाखवायला हवं होतं!)

खरा फरक पडतो तो क्रमात. मराठीत तुलना आधी येते, क्रियापद शेवटी. 'ती माझ्यापेक्षा छान बोलते.' म्हणजे 'बोलते' येईपर्यंत तुलना उरकलेली असते. इंग्रजीत क्रियापद आधी पुढे निघून जातं आणि तुलना मागून शेपटासारखी येते. 'शी स्पीक्स', मग 'बेटर', मग 'दॅन मी'. आपल्या बहुतेक चुका या शेपटात होतात. आपण म्हणतो 'जास्त चांगलं', म्हणून इंग्रजीत 'मोअर बेटर' येतं. अप्रेझलच्या फॉर्मवर 'आय वर्क मोअर हार्डर' मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. बिचाऱ्यानं एकाच मेहनतीसाठी दोनदा मार्क मागितले. 'आय प्रिफर टी दॅन कॉफी' हेही त्यातलंच. 'प्रिफर'ला 'दॅन' चालत नाही, 'टू' लागतं. 'सिनियर' आणि 'ज्युनियर'चंही तसंच, कारण हे शब्द लॅटिनमधूनच तुलना पोटात घेऊन आलेत. 'ही इज सिनियर टू मी.' आणि इथे बघा, 'सिनियर टू आय' म्हणायची हौस कुणालाच होत नाही!

आता तुम्ही म्हणाल, लोथसाहेबांच्या नियमाचा निदान अर्थ स्पष्ट व्हायला तरी उपयोग होत असेल ना? थोडा होतो. पण जिथे खरी गरज असते, तिथे नेमका होत नाही. हे मला महागात पडून कळलंय.

दोन वर्षांपूर्वी एका मासिकासाठी मी आणि माझी मैत्रीण एक स्टोरी करत होतो. एका नव्या फोटोग्राफरवर तिचा भरवसा नव्हता, माझा होता. मी मेल टाकला, 'आय ट्रस्ट हिम मोअर दॅन यू.' मला म्हणायचं होतं, तुझा त्याच्यावर जेवढा विश्वास आहे, त्यापेक्षा माझा जास्त आहे. तिनं वाचलं, माझा तुझ्यापेक्षा त्याच्यावर जास्त विश्वास आहे. चार दिवस फोन नाही, मेसेज नाही. पाचव्या दिवशी ती थेट घरी आली आणि म्हणाली, "मग त्याच्याबरोबरच कर ना स्टोरी!"

'यू' हा शब्द दोन्ही अर्थांना तसाच राहतो. माणसांची नावंही तशीच राहतात. तिथे 'आय' की 'मी' हा नियम काय कपाळ उपयोगी पडणार? उपाय एकच, लपलेलं क्रियापद बाहेर काढायचं. 'दॅन यू डू.' तेवढं एक 'डू' टाईप केलं असतं तर ते चार दिवस वाचले असते. (मराठीत आपण सुरक्षित आहोत असं समजू नका. 'आई माझ्यापेक्षा दादावर जास्त माया करते' हे वाक्य घरात म्हणून बघा. माया करण्यात आई दादाच्या बाबतीत तुमच्यावर मात करते, की तुमच्या वाट्याला कमी माया येते, हे विचारत बसायला कुणी थांबणार नाही.)

पुस्तिकेत मी एवढंच लिहिलं: बोलताना 'दॅन मी' बिनधास्त म्हणा. फॉर्मल मेलमध्ये 'दॅन आय डू' लिहा, ते कुणालाच खटकत नाही. दोन अर्थ निघत असतील तर क्रियापद लिहायचा आळस करू नका.

बाबांना फोन करायला मात्र मला अजून आठ दिवस लागले. इकडची तिकडची चौकशी झाल्यावर म्हटलं, "बाबा, तेव्हा तुमचं बरोबर होतं."

"कधी?"

"त्या हॉटेलात. दॅन मी."

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. मला वाटलं ते म्हणतील, कसलं गं, मी विसरूनही गेलो. तसं काही म्हणाले नाहीत.

"कुठं लिहिलंय?" त्यांनी विचारलं. बँकेतला माणूस. मी केंब्रिज सांगितलं, बायबल सांगितलं, लोथ सांगितला. त्यांनी लोथचं स्पेलिंग विचारून घेतलं.

"आणि सिनियर दॅन? तेपण चालतं आता?"

"नाही. ते सिनियर टूच."

"हां. तसंच शिकलोय आम्ही." मग जरा थांबून म्हणाले, "ती तुझी दिल्लीची मॅडम अजून पुण्यात आहे का गं?"

"आहे की."

"पुढच्या महिन्यात आम्ही येतोय. तिला जेवायला बोलाव घरी. आई पुरणपोळी करेल." आणि फोन ठेवता ठेवता, "फक्त तू मधे मधे बोलू नकोस."