दोन गुलाबराव आणि आपली मैत्री: राजकारणावरून होणारी भांडणं कशी टाळायची?

धरणगावात मित्रांमध्ये निवडणुकीचा विषय निघाला की विचारावं लागतं, कोणते गुलाबराव? जळगाव ग्रामीण मतदारसंघात २००९ मध्ये गुलाबराव देवकर जिंकले, तर २०२४ मध्ये गुलाबराव पाटील. मधल्या काळात, २०१९ ते २०२२, दोघांचे पक्ष एकाच सरकारात होते. २०२५ मध्ये देवकर अजित पवारांच्या राष्ट्रवादीत गेले आणि दोघंही महायुतीत आले. त्यांच्यासाठी भांडलेले मित्र मात्र अजून अबोला धरून बसतात.

असं का होतं? आवडत्या नेत्यावरची टीका आपल्याला स्वतःवरची वाटते. त्यात व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे बघत असतात, त्यामुळे माघार घेणं अवघड जातं.

मग काय करायचं?

• उत्तर देण्याआधी विचारा, ‘तुला असं का वाटतं?’
• नेत्यापेक्षा रस्ता, पाणी, कापसाचा भाव यावर बोला.
• ग्रुपवर वातावरण तापलं तर ‘भाऊ, चहाला भेटून बोलू’ म्हणा आणि खरंच भेटा.

मत बदलायची गरज नाही. पण रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला नेता येत नाही, शेजारचा मित्रच गाडी काढतो.