नवा गुडघा आणि घरची माणसे

तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजव्या गुडघ्यावर जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, हे वाचकांच्या स्मरणात असेल. ती करणारे डॉ. चित्तरंजन राणावत हे आपल्या इंदूरच्या महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी, हे मात्र कित्येक इंदूरकरांनाही ठाऊक नसते. पुढे न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात कृत्रिम गुडघ्याला आजचे रूप देणाऱ्या शल्यविशारदांत त्यांची गणना झाली.

आमच्या मातोश्रींची तशीच शस्त्रक्रिया गतवर्षी झाली, तेव्हा आता सारे पार पडले, अशा समजुतीने आम्ही त्यांना घरी आणले. मग सेवेला भरती आली. गुडघ्याखाली मऊ उशी दिली, जेवणाचे ताट पलंगावर नेले, उठू म्हटल्यास उठू दिले नाही. व्यायामाचा कागद औषधांच्या डब्यात तसाच राहिला. तीन आठवड्यांनी पाहतो तो पाय ना धड सरळ होई, ना धड वाके. व्यायामोपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, "गुरुजी, शस्त्रक्रिया उत्तम झाली आहे. घात केला तो या उशीने." उभा जन्म मुलांना अभ्यास चुकवू नका म्हणून सांगण्यात गेलेले आम्ही, खाली मान घालून उभे राहिलो.

त्यांनी समजावले ते असे. शल्यविशारद हाडांची झिजलेली टोके तासून त्यांवर धातूचे आवरण बसवितात व मध्ये टिकाऊ प्लॅस्टिकची गादी ठेवतात. स्नायू मात्र रोग्याचे जुनेच राहतात. ते दुखण्याने आधीच दुबळे झालेले असतात. त्यांना कामाला लावले नाही, तर नवा सांधाही आखडतो. पहिले सहा ते आठ आठवडे म्हणूनच मोलाचे.

दुसऱ्याच दिवसापासून आम्ही व्यायामाचा हजेरीपट घातला. घोटा वरखाली करणे, म्हणजे पायात रक्त साकळण्याचे भय कमी होते. मांडी आवळून गुडघा गादीवर दाबणे. टाच सरकवीत पाय वाकविणे. वॉकर घेऊन ओसरीत फेऱ्या. वेदनाशामक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने व्यायामाच्या आधी. पायऱ्या चढताना प्रथम चांगला पाय, उतरताना प्रथम शस्त्रक्रियेचा. पोटरीला सूज व दुखरेपणा, ताप किंवा जखमेतून स्राव दिसल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावे; श्वास लागला किंवा छातीत दुखू लागले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

मातोश्री रडत, रागावत. "पोटचा पोर असून छळतोस रे!" असे एकदा म्हणाल्या, तेव्हा हजेरीपट फाडून टाकावासा वाटला. फाडला नाही.

यंदाच्या गणेशोत्सवात त्या काठी घेऊन आरतीला उभ्या राहिल्या. पंगतीत पाटावर बसणे संपले. खुर्चीवर बसून जेवल्या. पाय अद्याप पूर्ण सरळ होत नाही. ती उणीव त्या तीन आठवड्यांची आहे आणि ती आमच्या खाती जमा आहे. ज्यांच्या घरी असा रोगी येणार असेल, त्यांनी उशी आधी उचलून ठेवावी.