आत पाहायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

घरातलं कोणी गप्प गप्प राहायला लागलं, रात्र रात्र जागायला लागलं, की नाशिकमध्ये एक सल्ला हमखास मिळतो: ‘इगतपुरीला दहा दिवस जाऊन ये.’ धम्मगिरी हे तिथलं विपश्यना केंद्र जिल्ह्यातच असल्यामुळे तो सहज तोंडी येतो आणि त्यामागे आपुलकीही असते. पण हा सल्ला देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्याही मनात अंतर्मुख होण्याबद्दल बरेच गोंधळ असतात. ते दूर व्हायला हवेत, कारण त्यांची किंमत आधीच त्रासात असलेल्या माणसाला मोजावी लागते.

बुजरी माणसं स्वतःला चांगली ओळखतात, हा त्यातला एक गैरसमज. वर्गात बोलायला उठली की जिचे कान लाल होतात, त्या मुलीला आपण अंतर्मुख म्हणतो. त्या क्षणी तिचं लक्ष आत नसतंच. समोरच्यांना आपण कशा दिसतोय, याकडे ते लागलेलं असतं. फेनिगस्टीन, शायर आणि बस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली या गोष्टी वेगळ्या करून मोजल्या. आपल्या विचार-भावनांकडे असलेलं लक्ष निराळं, लोकांपुढच्या आपल्या रूपाकडे असलेलं लक्ष निराळं आणि चारचौघांत वाटणारी धास्ती आणखी निराळी.

शिवाय ती धास्ती बहुतेक वेळा अवाजवी असते. कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच यांच्या गटाने २००० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग बघा. बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालणं तिथल्या विद्यार्थ्यांना लाजिरवाणं वाटायचं. तो घालून एकेकाला इतर विद्यार्थी बसले होते त्या खोलीत पाठवलं. ‘निम्म्या जणांनी तरी पाहिलं असणार,’ असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव जणांच्या ते लक्षात आलं होतं. लग्नात आपल्या साडीवर पडलेला वरणाचा डाग दिवसभर आपल्यालाच दिसत असतो.

दुसरा समज याहून खोलवर रुजलेला आहे: स्वतःबद्दल जितका जास्त विचार करू, तितकं स्वतःला जास्त ओळखू. ट्रॅपनेल आणि कॅम्पबेल या संशोधकांनी १९९९ साली याच कोड्यावर बोट ठेवलं. स्वतःकडे लक्ष देणाऱ्यांना स्वतःची जाण अधिक असते, पण मानसिक त्रासही अधिक असतो. असं का? कारण त्या लक्षात दोन वृत्ती मिसळलेल्या असतात. एक कुतूहलाने पाहणारी. दुसरी तेच ते उगाळणारी: ‘मी तेव्हा असं का बोललो? माझंच नेहमी असं का होतं?’ त्रासाचं नातं मुख्यतः या उगाळण्याशी आहे, आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. खिडकीशी तासभर गप्प बसलेला माणूस यातलं काय करतोय, हे बघून सांगता येत नाही.

‘का’ या प्रश्नाला आतून मिळणारं उत्तर खरं असेलच असंही नाही. निसबेट आणि विल्सन यांनी १९७७ साली एका प्रयोगाची हकिकत लिहिली. दुकानात मांडलेल्या पायमोज्यांच्या चार जोड्यांतली सर्वांत चांगली निवडायला गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. चारही जोड्या हुबेहूब सारख्या होत्या. तरी अगदी उजवीकडची जोडी डावीकडच्या जोडीच्या जवळपास चौपट लोकांनी निवडली. कारण विचारल्यावर ती मांडलेल्या जागेचं नाव एकानेही घेतलं नाही.

आता धम्मगिरीकडे वळू. तिथे मन रिकामं करतात, असं अनेकांना वाटतं. काहींना ती विश्रांतीची जागा वाटते. ब्रह्मदेशात वाढलेले उद्योजक सत्यनारायण गोएंका विपश्यनेची ही साधना तिथल्या महालेखापाल पदावर काम केलेल्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून शिकले, १९६९ साली भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीत शिबिरं सुरू झाली. पहाटे चारला घंटा होते. दिवसाचे दहा तास बैठक असते. मोबाइल, वही, पुस्तक सगळं आधीच जमा केलेलं. दहाव्या दिवसापर्यंत मौन. नव्या साधकाला संध्याकाळी चहा-फळांवर भागवावं लागतं. याला विश्रांती म्हणणं कठीण आहे.

पहिले तीन दिवस काम एकच: येणारा-जाणारा श्वास नाकपुड्यांच्या आत आणि वरच्या ओठावर जाणवतो तसा जाणणं. चौथ्या दिवसापासून लक्ष डोक्यापासून पायापर्यंत फिरवायचं. गुडघा ठणकतोय तर ठणका जाणायचा, खाज असेल तर खाज. ‘का’ विचारायचं नाही, हवं-नकोही करायचं नाही. विचार येतच राहतात. ते आले म्हणून साधना फसली असं होत नाही. उगाळण्याची सवय असलेल्या मनाला हे फार अवघड जातं, आणि मला वाटतं, या पद्धतीचा खरा उपयोगही तिथेच आहे.

ध्यान म्हणजे ‘स्वतःपुरतं बघणाऱ्यांचं काम’ हा आरोपही ऐकू येतो. तो नाशिकच्याच पांडवलेणी या बौद्ध लेण्यांत खोटा ठरतो. दहाव्या लेण्यातल्या शिलालेखात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने ठेवलेल्या ठेवीचा हिशेब आहे: २००० कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, १००० दुसरीकडे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास (पावसाळी मुक्काम) करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. त्यांच्या एकांतामागे विणकरांचा माग होता. धम्मगिरीतही फी नाही. शिबिर केलेल्यांच्या दानावर पुढच्यांचं शिबिर चालतं.

राहिला तो सगळ्यांत धोक्याचा समज: मन आजारी पडलं की इगतपुरी हाच इलाज. शिबिराच्या अर्जातच मानसिक आजार आणि चालू औषधं विचारलेली असतात. ही साधना वैद्यकीय उपचाराची जागा घेत नाही, हे केंद्रं स्वतःच सांगतात आणि गंभीर मनोविकार असलेल्यांना शिबिरात न येण्याचा सल्ला देतात. म्हणून अर्जात काही लपवू नका. शिबिरासाठी गोळ्या स्वतःहून बंद करू नका. गप्प झालेल्या माणसाची झोप-भूक उडाली असेल, जगण्यात रस उरला नसेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. तेही जमत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.