मालाचा माग आणि खुली वही

नाशिक जिल्ह्यांतील बागेंतून निघालेली द्राक्षांची पेटी हॉलंडांतील दुकानांत पोंचते, तेव्हां तिच्यावर एक चिठ्ठी असते. त्या चिठ्ठीवरील आंकड्यांवरून ती पेटी कोणत्या बागेंतील, कोणत्या पॅकहाऊसमध्यें भरलेली व तींतील माल कोणत्या प्रयोगशाळेनें तपासलेला, हें शोधून काढतां येतें. आमच्या पुष्कळ वाचकांस ही गोष्ट ठाऊकच आहे. त्यांच्याच बागांचे नंबर त्या चिठ्ठ्यांवर जात असतात. परंतु हा माग ज्या वहींत ठेवला जातो तिच्यावर कितपत विश्वास टाकावा, आणि ती वही कोणाच्या ताब्यांत असावी, ह्या प्रश्नांचा विचार बागाईतदारांत जितका व्हावा तितका झालेला दिसत नाहीं. तो प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

बाजारांत मालाची ओळख म्हणजे अडत्याची पट्टी. पट्टीवर वजन, भाव, हमाली, तोलाई सर्व कांहीं असतें. पण पेढीवर दहा जणांचा माल एका ढिगांत पडला कीं कोणाचा घड कोणता हें ब्रह्मदेवासही सांगतां यावयाचें नाहीं. चांगल्या बागेचा भाव वाईट बागेमुळें पडतो तो येथेंच. युरोपीय संघानें २००२ साली अन्नविषयक मूलभूत कायदा केला आणि त्यांतील मागासंबंधींचें कलम १ जानेवारी २००५ पासून लागू झालें. त्याप्रमाणें प्रत्येक व्यापाऱ्यास माल कोणाकडून घेतला व कोणास दिला, ही मागची एक व पुढची एक पायरी दाखवितां आली पाहिजे. तत्पूर्वींच, २००३ साली, आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सांपडल्याची तक्रार हॉलंडांतून आली होती. त्या धक्क्यानंतर अंश-तपासणीची योजना सुरू झाली, आणि २००६ साली अपेडा ह्या केंद्र सरकारच्या निर्यात संस्थेनें ग्रेपनेट ही संगणकावरील वही उघडली. पुढें डाळिंब, आंबा व भाजीपाला यांसही तीच रीत लावण्यांत आली.

ह्या वहीची रचना ध्यानांत घेण्याजोगी आहे. प्रथम बागेची नोंद कृषिखात्याकडे होते व बागेस स्वतंत्र क्रमांक मिळतो. बागाईतदार फवारणीची टिपणवही ठेवतो. काढणीपूर्वीं मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेंत येऊन नमुना घेतो; बागवाल्यानें निवडून दिलेले घड चालत नाहींत. निकाल वहींत चढतो. एखाद्या औषधाचा अंश मर्यादेबाहेर निघाला तर मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रांतील संदर्भ प्रयोगशाळेकडून इशारा निघतो, आणि त्या बागेचा माल युरोपकडे जाण्यापुरता अडतो. निकाल निर्दोष असेल तरच पुढें पॅकहाऊस, अॅगमार्कचा दाखला व रोगकीड नसल्याचा दाखला ह्या पायऱ्या चढतां येतात. मागील खोलीचें दार उघडल्याशिवाय पुढील खोलींत जातां येत नाहीं, अशी ही व्यवस्था आहे.

असें असूनही २०१० साली मोठा घात झाला. क्लोरमेक्वाट, म्हणजे खरड छाटणीनंतर वेलीची शाकीय वाढ आवरून काडींत घड धरावा म्हणून वापरण्यांत येणारें वाढरोधक, आपल्या द्राक्षांत युरोपांत आढळलें. तेथील मर्यादा किलोस ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे दोन कोटी भागांत एक भाग. माल नाकारला गेला, कित्येकांची पट्टी बुडाली, आणि कर्जाचे हप्ते मात्र तसेच उभे राहिले. वहींत दोष होता काय? नव्हता. कोणती पेटी कोणत्या बागेची हें ती बरोबर सांगत होती. परंतु आपल्याकडील तपासणीच्या यादींत हें रसायनच त्या वेळीं नव्हतें. जें विचारलेंच नाहीं त्याचें उत्तर प्रयोगशाळा कोठून देणार? एप्रिलांत कोणत्या औषधाचा हात फिरतो हें गांवोगांवच्या बागाईतदारांस पाठ होतें. त्यांच्या टिपणवह्या आणि तपासणीची यादी शेजारीं शेजारीं मांडून कोणीं पाहिल्या असत्या, तर ही उणीव माल जहाजावर चढण्यापूर्वीं ध्यानांत आली असती असें आम्हांस वाटतें.

येथेंच खुल्या वहीचा प्रश्न उपस्थित होतो. संगणक जी वही ठेवतो ती कांहीं आज्ञांप्रमाणें ठेवतो: कोणती नोंद घ्यावी, कोण खोडूं शकेल, कोणास दाखवावी. ह्या आज्ञावलीचा मूळ मजकूर प्रसिद्ध करून तो वाचण्याची, वापरण्याची, बदलण्याची व वांटण्याची मुभा सर्वांस दिली म्हणजे तिला खुली आज्ञावली म्हणतात. शेताच्या रोजच्या नोंदींसाठीं ‘फार्म-ओएस’ ही अशी आज्ञावली आहे. ती कोणासही विनामूल्य वापरतां येते. मालाच्या प्रवासाच्या नोंदींसाठीं २००७ सालीं मान्य झालेलें ‘ईपीसीआयएस’ हें प्रमाण आहे. त्यांत प्रत्येक घटनेस असे प्रश्न विचारलेले असतात: कोणती वस्तु, कोठें, केव्हां, आणि कशासाठीं. भाषा एक असली म्हणजे बागेची वही, पॅकहाऊसची वही व परदेशी दुकानाची वही एकमेकींशीं बोलूं शकतात.

आज्ञावली खुली असली तर वाटेल तो नोंद बदलील, अशी शंका पुष्कळ जण घेतात. ती बरोबर नव्हे. वही ठेवण्याची रीत सर्वांस ठाऊक असणें वेगळें, आणि वहींत लिहिण्याचा अधिकार असणें वेगळें. रोजकीर्दीची रीत सर्व व्यापाऱ्यांस ठाऊक आहे, म्हणून कोणी दुसऱ्याच्या रोजकीर्दींत लिहूं शकतो काय? ज्यास हल्लीं ब्लॉकचेन म्हणतात तिचें मर्मही रोजकीर्दींतच आहे. आपण एका पानाची शिल्लक पुढील पानाच्या माथ्यावर ओढतों. मागील पानावरचा आंकडा कोणीं गुपचूप बदलला तर पुढील सर्व पानांचा मेळ चुकतो. तसाच येथें प्रत्येक पानाच्या संपूर्ण मजकुरावरून एक आंकडा काढून पुढील पानावर चढवितात. अक्षर बदललें कीं आंकडा बदलतो. शिवाय अशा वहीच्या प्रती अनेकांकडे असतात, त्यामुळें एकानें सर्व पानें नव्यानें लिहिलीं तरी इतरांच्या प्रतींशीं तीं जुळत नाहींत. अमेरिकेंतील वॉलमार्टनें हायपरलेजर ह्या खुल्या आज्ञावलीवर अशी वही मांडून आंब्याच्या फोडींच्या एका डब्याचा माग काढून पाहिला. जुन्या रीतीनें ज्यास जवळजवळ ७ दिवस लागले, तेंच काम २.२ सेकंदांत झालें.

मात्र वही कितीही पक्की असली तरी खोटी नोंद खरी होत नाहीं. फवारणी न लिहितां केली, तर ती न लिहिलेलीच पक्की राहते. अशा लबाडीस जुना उपाय आहे तो वजनाचा मेळ. समजा, एका बागेंत निर्यातीजोगा माल ८ टन निघेल असें नोंदलें आणि त्या क्रमांकानें १३ टन पेट्या बाहेर पडल्या, तर ५ टन कोठून आले हें विचारलेंच पाहिजे. हापुसास २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालें, तरी परप्रांतींचा आंबा कोंकणच्या पेटींत भरण्याची तक्रार थांबली नाहीं. तेथेंही झाडांची संख्या व पेट्यांची संख्या ताडून पाहणें हाच खरा इलाज आहे. हें ताडणें वही बंद असेल तर मालकाच्या मर्जीवर, खुली असेल तर शेजाऱ्यासही शक्य.

बागाईतदाराचें हित आणखी एका ठिकाणीं आहे. वही निर्यातदाराची असेल तर चार हंगामांच्या नोंदी त्याच्या कपाटांत राहतात. उद्यां दुसऱ्या निर्यातदाराकडे जावयाचें झालें तर आपण कोऱ्या पाटीनें जातों. आणि माल नाकारल्याचा निरोप आला तर तो खरा कीं भाव पाडण्यासाठीं, हें पाहण्यास हातीं कागद नसतो. म्हणून संस्थांनीं निर्यातदाराशीं करार करतांना दोन कलमें अवश्य घालावींत. एक, बागेच्या क्रमांकावर चढलेली प्रत्येक नोंद व प्रयोगशाळेचा मूळ निकाल बागाईतदारास त्याच दिवशीं मिळावा. दुसरें, त्या सर्व नोंदी कोणत्याही संगणकावर उघडतील अशा खुल्या स्वरूपांत मागतां याव्यात, आणि त्याबद्दल आकार घेऊं नये.

बागाईतदारानें स्वतः ठेवावयाची नोंद फारशी अवघड नाहीं. औषधाचें व्यापारी नांव न लिहितां डब्यावरील मूळ रसायनाचें नांव, पाण्याचें प्रमाण, फवारणीची तारीख, काढणीपूर्वीं सोडलेले दिवस आणि दुकानदाराची पावती, इतकें पुरे. ही नोंद खरड छाटणीपासूनच सुरू केली पाहिजे. फळ छाटणीपासून ती सुरू करण्याची चाल अनेक ठिकाणीं आहे. पण क्लोरमेक्वाटाचा फवारा खरड छाटणीनंतरचा असतो, म्हणजे अशा वहींत तो कधींच चढत नाहीं.